फोटोवरचा काळा कागद

“फुटलेल्याचं नाव ह्या तालमीत घ्यायचं न्हाय,” शंकर कारंडे म्हणाला आणि त्यानं चहाचा कप फरशीवर असा आपटला की त्याचा कान तुटून बाजूला पडला.

“नाव मी घेतलंय, शंकर. चिटणीस म्हणून घेतलंय.”

“मग चिटणिसानं पयलं तोंड धुवून यावं.”

बैठकीतले सगळे हसले. मीही हसलो. आमच्या कोल्हापुरात माणूस आधी चेष्टा करतो आणि मग मुद्द्यावर येतो, त्यामुळं मला वाटलं, चला, सुरुवात तरी झाली.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची. मी तेव्हा सदतीस वर्षांचा, पाटबंधारे खात्यात कारकून, आणि चिंच तालमीचा चिटणीस. बाहेरच्या माणसाला तालीम म्हटलं की लाल माती आणि लंगोट आठवतो. आमच्याकडं पेठेची तालीम म्हणजे पेठेचं नाक, आणि त्या नाकाची इज्जत सगळी फुटबॉलवर. त्या वर्षी आमचं नाक पार कापलं गेलं होतं. नऊ सामन्यांत सात हरलो होतो. आणखी पाच सामने उरले होते, आणि त्यात जमलं नाही तर तालीम वरच्या गटातनं खाली जाणार होती. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पोरं पेठेतनं मान खाली घालून चालायची. आमचे कोच बापू शिंदे यांनी एका सकाळी शिट्टी मारुतीच्या खुंटीला अडकवली, आणि “माझ्याच्यानं होत न्हाय” म्हणून ते लेकीकडं सांगलीला निघून गेले.

त्या रविवारी सकाळी नवा कोच ठरवायला बैठक बसली होती. मध्यभागी आबाजी इंगवले, आमचे अध्यक्ष. सत्तरी उलटलेले, धोतर, डोक्याला पिवळा पटका. त्यांच्या पुढ्यात ताटात शेंडीचा नारळ. आमच्याकडची रीत अशी, की अध्यक्ष ज्याच्या हातात नारळ ठेवतील तो कोच. त्यानं तो मैदानात गोलच्या खांबाशी फोडायचा. एकदा दिलेला नारळ परत घ्यायचा नाही.

आणि मी ज्याचं नाव घेतलं होतं तो दस्तगीर मुजावर बाहेर तालमीच्या पायरीवर बसून होता. खिडकी उघडी होती, आतला शब्द न् शब्द त्याला ऐकू जात होता. उंबऱ्याच्या आत यायची त्याला बारा वर्षं बंदी होती.

तालमीत मारुतीच्या कोनाड्याशेजारी पिराच्या पंजाचा कोनाडा आहे. ज्याला संघाची जर्सी मिळते त्यानं दोन्हींपुढं हात ठेवून म्हणायचं, “दुसऱ्या तालमीची जर्सी अंगाला लावणार न्हाय.” मी म्हटलं होतं, दस्तूनंही म्हटलं होतं, एकाच दिवशी. आणि पंच्याहत्तर साली दस्तू एक सीझन जकात नाका तालमीकडून खेळला. म्हणजे ज्यांचं नाव काढलं की आमच्या बायका भांडी आपटतात, त्यांच्याकडून. तालमीनं तेव्हा त्याच्याशी पाणी तोडलं. चौऱ्याहत्तरच्या विजेत्या संघाचा मोठा फोटो भिंतीवर होता. त्यात माझ्या शेजारी दस्तू उभा, माझा हात त्याच्या खांद्यावर. त्याच्या तोंडावर आबाजींनी स्वतः खळ लावून काळा कागद चिकटवला होता. बारा वर्षं मी त्या फोटोखाली बसून बैठकीची पानं लिहीत आलो होतो.

दोनच दिवसांपूर्वी मी त्याच्याकडं गेलो होतो. तो कागलकडच्या एका गावात शाळेवर खेळाचा मास्तर होता. पतियाळाला जाऊन कोचिंगचा कोर्स करून आला होता आणि त्याची शेतकऱ्यांची पोरं तीन वर्षं जिल्ह्यात कुणाला ऐकत नव्हती. मी गेलो तेव्हा तो मैदानावर चुन्याची रेघ मारत होता.

“दस्तू, तालमीला तू पायजेस,” मी म्हणालो.

त्यानं रेघ पुरी केली. मग डबा खाली ठेवला. “तालमीला पायजे का तुला?”

“मला. पण मी बोलतो की आबाजींशी. बारा वर्षं झाली मर्दा, राग निवला असंल.”

“न्हाई निवला,” तो म्हणाला. “मागच्या मोहरमला पंजा भेटीला निघाला तवा मी रस्त्यात हात जोडून हुबा होतो. आबाजी तोंड फिरवून गेले.”

“मग नको म्हणतोस?”

त्याचे डोळे भरून आले. दस्तूला मी रडताना कधीच पाहिलं नव्हतं, पाय मोडला तेव्हाही नाही. “कोच नका करू, पंडा. पाणी पाजायला ठेवा. पण माझ्या तोंडावरचा तो कागद तेवढा काढा. माझी आई त्या रस्त्यानं जात न्हाय आता.”

“काढू. मी सांगतो काढायला.”

“विषय निघंल, मी का गेलो ते.”

“निघंल.”

“तवा काय बोलायचं ते तू ठरव,” दस्तू म्हणाला, आणि पुन्हा चुन्याचा डबा उचलला.

तर बैठकीत विषय निघाला. शंकरचा आवाज चढला होता. खरं तर शंकर वाईट माणूस नव्हता. आमचा जुना सेंटर फॉरवर्ड, तालमीसाठी त्यानं दोन्ही घोटे खर्ची घातलेले. तो म्हणाला, “तुमी म्हणता त्येला लई येतं. येतच असंल. पण पोरांना काय शिकवणार त्यो? शपथ घ्यायची आणि पलीकडं जायचं? त्यापरास खाली गेल्यालं बरं.”

कुणीतरी पुटपुटलं, “खाली गेल्यालं कसं बरं, शंकऱ्या?”

“मग काय करावं म्हणता?”

आबाजींनी हात वर केला. ते माझ्याकडं वळले.

“पंडित, तुझा त्यो जिवाचा सोबती व्हता. एका ताटात जेवायचा तुमी. मला बारा वर्षं एक गोष्ट कळली न्हाय. त्येला नाकेवाल्यांनी ना नोकरी दिली, ना घर दिलं. एक सीझन खेळला आणि परत येऊन ह्या पायरीवर बसला. मग गेला कशाला? काय कारण असंल तर सांग. कारण असंल तर आत्ता त्यो कागद फाडतो, आणि नारळ त्येच्या हातात देतो. मारुतीपुढं बोलतोय.”

मला कारण ठाऊक होतं. साऱ्या पेठेत फक्त मलाच ठाऊक होतं.

पंच्याहत्तरच्या पहिल्याच सामन्यात आम्ही नाकेवाल्यांशी हरलो. गोल माझ्या पायांमधनं गेला. मी गोलकीपर. सामना सुटल्यावर दोन्हीकडची माणसं भिडली, दगड आले, आणि मीही अर्धी वीट उचलून फेकली. कुणाला मारायची म्हणून नव्हे, नुसती डोक्यात राख गेली होती. ती लागली अशोक पोवारला, त्यांच्या डाव्या हाफला, म्हणजे मधल्या फळीत डावी बाजू राखणाऱ्याला. गुडघ्याची वाटी फुटली. बावीस वर्षांचं पोरगं ते, पुन्हा कधी धावलं नाही. गर्दीत कुणाला कळलं नाही वीट कुणाची. पाहिलं फक्त एका माणसानं, त्यांचे रंगराव उस्ताद.

माझी पाटबंधाऱ्याची ऑर्डर आली होती, पोलीस चौकशी व्हायची होती. केस झाली असती तर नोकरी संपली. अशोकचे चार भाऊ होते, ते माझ्या घरी काठ्या घेऊन आले असते ते वेगळंच. मी दस्तूच्या गळ्यात पडून रडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला घेऊन रंगराव उस्तादांकडं गेला.

उस्ताद म्हशीला वैरण टाकत होते. त्यांनी आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, “माझा हाफ गेला. मला हाफ द्या. एक सीझन. मग मी काय बघितलं न्हाय.”

हा असला न्याय आमच्या गावातच होऊ शकतो. पोलीस नको, पंचायत नको, माणसाच्या बदली माणूस.

दस्तू आमचा डावा हाफ. तो पटकन म्हणाला, “मी येतो.”

“का आलास ते कुणाला सांगायचं न्हाय. सांगितलंस की अशोकचे भाऊ हिशेब विचारतील.”

“न्हाय सांगत.”

घरी येताना मी त्याला म्हणालो, “दस्तू, तू शपथ घेतलीयस रे.” तर तो म्हणाला, “पिराला ठाऊक हाय कशाला जातोय ते. मारुतीला पण कळंल. माणसांचं काय, एक वर्षानं विसरतील.” माणसं विसरली नाहीत.

हे सगळं आबाजींच्या प्रश्नानंतरच्या दोन-चार क्षणांत माझ्या डोळ्यांपुढनं गेलं. खिडकीबाहेर दस्तूची पाठ दिसत होती. पांढरा सदरा, मुद्दाम इस्त्री करून घातलेला. त्यानं मान वळवली नाही, पण खांदे ताठ झाले होते.

मी स्वतःला सांगत होतो की नोकरी जाईल. खोटं होतं ते. बारा वर्षांनी कसली नोकरी जातेय? जाणार होतं ते माझं तोंड. चिटणीस पंडितराव साळोखे, चौऱ्याहत्तरच्या फायनलला दोन पेनल्टी अडवणारा, ज्याला पेठेत येता-जाता लोक नमस्कार घालतात, तो बारा वर्षं दुसऱ्याच्या पदराआड लपला होता, हे शंकर कारंड्याच्या तोंडावर कसं बोलू?

“मला काय ठाऊक न्हाय, आबाजी,” मी म्हणालो. “मला सांगितलं न्हाय त्यानं.”

बाहेर पायरीवर काही हालचाल झाली नाही. थोड्या वेळानं चपलांचा आवाज आला. दस्तू उठून रस्त्याला लागला होता. भरभर चालत नव्हता, नेहमीसारखाच चालत होता.

“बघा. ऐकलंत न्हवं?” शंकर म्हणाला.

आबाजी बराच वेळ नारळाकडं बघत बसले. मग त्यांनी तो उचलला आणि माझ्या हातात ठेवला. “पंडित, तूच घे. तुझ्याएवढा तालमीशी इमानी दुसरा कोण हाय?”

नारळ परत देता येत नाही, ही रीत मी सांगितलीच. पण रीत ही सबब झाली. मला तो घ्यायचा होता, आणि हेही एकदा बोलून टाकतो. इतक्या माणसांदेखत इमानी म्हटल्यावर मला बरं वाटलं होतं.

कोच म्हणून मी काय होतो, विचारू नका. पोरांना पळवलं, शिव्या घातल्या, मारुतीला तेल वाहिलं. तरी वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात तसं झालं. दोन सामने बरोबरीत सुटले, एक कसाबसा जिंकलो, एक हरलो. शेवटचा उरला नाकेवाल्यांशी. बरोबरी झाली तरी आम्ही वरच्या गटात राहणार होतो.

अख्खी पेठ स्टेडियमवर लोटली होती. मी रेषेजवळ बाकावर, शेजारी शंकर. सामना शून्य-शून्य चालला होता. शेवटची आठ मिनिटं राहिली तेव्हा मागं गॅलरीतनं हाक आली.

“पंडाऽ! सात नंबर मोकळा हाय! डावा हाफ मागं घेऽ!”

तो आवाज मी हजार आवाजांत ओळखला असता. मी मैदानात पाहिलं. खरं होतं. आमचा डावा हाफ दमून पुढंच रेंगाळत होता आणि त्यांचा सात नंबरचा पोरगा कोपऱ्यात एकटा उभा होता. डाव्या हाफची जागा दस्तूला झोपेतसुद्धा दिसायची, आयुष्यभर त्यानं तीच राखली होती.

शंकर हसला. “बगा, आता फुटीर आमास्नी शिकवणार.”

बाकावरचे दोघे-तिघे हसले आणि माझ्याकडं बघायला लागले. मी उठून ओरडलो असतो तर फुटलेल्याचं ऐकून पंडितरावानं टीम हलवली, असं पेठेत झालं असतं.

“पंडाऽ, अरं बघ की लेका!”

मी हाताची घडी घालून बसून राहिलो. तीन मिनिटांनी चेंडू सात नंबरकडं गेला. अडवायला कोणी नव्हतं. आमच्या गोलकीपरनं झेप घेतली ती उगाच, चेंडू आधीच जाळीत गेला होता.

आम्ही खाली गेलो. आबाजी पटका तोंडाला लावून रडत होते. म्हाताऱ्या माणसाला असं रडताना बघवत नाही. पोरं मैदानातच पडून राहिली. मी एकटाच बाहेर पडलो. फाटकाशी दस्तू सायकल धरून उभा होता.

मला वाटलं, आता थोबाडीत देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

“ऐकू आलं न्हाय व्हय तुला?” तो म्हणाला.

“आलं.”

त्यानं मान हलवली. मग मीच म्हणालो, “दस्तू, त्या दिवशी बैठकीत...”

“ऱ्हाऊ दे.”

“मी बोलणार होतो. देवाशप्पथ. पण नोकरी, अशोकचे भाऊ...”

“पंडा,” तो म्हणाला, आणि अगदी हळू, शाळेतल्या पोराला समजवावं तसं म्हणाला, “तू बोलला असतास ना, तर मी आत येऊन सांगणार होतो की ह्यो खोटं बोलतोय. मला वाचवायला कायतरी रचून सांगतोय. तुझ्या अंगाला काय लागू दिलं नसतं मी. ठरवूनच आलो होतो.”

“मग... मग तू पायरीवर बसलास कशाला?”

“तू बोलतोस का, एवढंच ऐकायला.”

तो सायकलवर टांग टाकून निघून गेला. त्यानंतर तो माझ्याशी कधी बोलला नाही. रागानं नाही. लग्नाकार्यात, बाजारात दिसायचा, हात वर करायचा, पुढं जायचा. मीही कधी त्याच्या दारात गेलो नाही. लाज वाटायची, दुसरं काय. तालीम तीन वर्षांनी पुन्हा वर आली, आबाजी त्याच्या आधीच गेले. मी चाकरी पुरी करून निवृत्त झालो, पेन्शन खातोय.

चार वर्षांपूर्वी दस्तू गेला. मय्यतीला मी खांदा द्यायला गेलो, तर माझ्यापुढं एक लंगडा म्हातारा खांदा देत होता. दर चार पावलांना त्याचा पाय मुडपत होता, पण तो बाजूला व्हायला तयार नव्हता. अशोक पोवार. माती देऊन झाल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला.

“माझ्या जागेवर खेळला ह्यो एक सीझन,” तो म्हणाला. “दर रविवारी मला बघायला यायचा, गुडघ्याला तेल लावून द्यायचा. पन्नास वर्षं व्हत आली. मी लई डाव विचारलं, बाबा, तू माझा कोण? नुसता हसायचा.”

तिथं मी बोललो. कबरस्तानाच्या भिंतीला टेकून, सगळं. वीट माझी होती, इथपासून. अशोक ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, “त्येला जित्तेपणी सांगायचं होतंस की चार माणसांत. मला सांगून काय उपेग?” आणि काठी टेकत उठून गेला.

दुसऱ्या दिवशी मी तालमीत गेलो. आता सगळी नवी पोरं. त्यांना बसवून सांगितलं. त्यांनी आदरानं ऐकलं. नवा चिटणीस म्हणाला, “काका, लई जुनं झालं की हे. पण तुमाला वाटतंय तर काढू या तो कागद.”

मी म्हणालो, “मीच काढतो.”

फोटो खाली उतरवला, काच काढली. कापूस पाण्यात भिजवून काळ्या कागदावर ठेवला. कागद भिजेपर्यंत थांबलो. मग पोरगी पडद्याचा टाका उसवते तसं नखानं जपून एकेक कड उचलली. आबाजींनी खळ दाट लावली होती. कागद निघाला, पण त्याच्या मागं चिकटून दस्तूचं तोंडही निघून आलं. खाली नुसता पांढरा गोल राहिला.

फोटो तसाच परत भिंतीवर लावला. त्या पांढऱ्या गोलाखाली दस्तूची जर्सी आहे, घट्ट बांधलेले बूट आहेत, आणि त्याच्या खांद्यावर माझा हात आहे.